अब्दुलनंतरची मोकळी जागा

संगणक शिकणाऱ्या जवळपास प्रत्येक मुलाचा दुसरा किंवा तिसरा प्रोग्राम एकच असतो. काळ्या पडद्यावर ‘तुमचं नाव टाका’ असा प्रश्न येतो. मुलगा नाव टाइप करतो, एंटर दाबतो आणि पडदा त्याला नावानिशी नमस्कार करतो. आपल्याकडच्या पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांत हा प्रोग्राम सी भाषेत, बऱ्याचदा टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर लिहिला गेला. बोरलँड कंपनीने टर्बो सी १९८७ साली आणलं. आजची ६४ बिटांची विंडोज ते थेट चालवत नाही, म्हणून डॉसबॉक्सच्या आत बसवून ते चालवावं लागतं. तरी कित्येक मुलांची सीशी पहिली ओळख त्यातूनच झाली आहे.

या प्रोग्रामची परीक्षा घेताना मुलं आपलं एकच नाव टाकतात. एक शब्द, एंटर, नमस्कार. सर वहीवर सही करतात आणि पुढचा प्रयोग सुरू होतो. पूर्ण नाव टाकून बघ, असं सहसा कोणी सांगत नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं की पहिली मोकळी जागा आली की हा प्रोग्राम ऐकणं थांबवतो.

हे लिहायला कारण घडलं ते आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात. तिथून दरवर्षी काही गरजू विद्यार्थ्यांना फीसाठी मदत दिली जाते. पैसा जकातीचा आणि देणग्यांचा असतो. जकात म्हणजे कुणाचे उपकार नव्हेत. तो घेणाऱ्याचा हक्क आहे, आणि हक्कदाराची नोंद नीट ठेवणं हे वाटणाऱ्याचं काम आहे. पूर्वी ही नोंद एका जाड रजिस्टरमध्ये असायची. मग कुणीतरी जुना संगणक दिला, त्यावर लिनक्स टाकलं गेलं आणि मोहल्ल्यातल्याच एका विद्यार्थ्याने सी भाषेत छोटा कन्सोल प्रोग्राम लिहून दिला. नाव, वडिलांचं नाव, गाव, शाळा, इयत्ता असे पाच प्रश्न. पैसे न घेता, परीक्षेचा अभ्यास सांभाळून त्याने हे काम केलं होतं. मी प्रोग्रामिंगचं काम करतो हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे, अडचण आल्यावर निरोप माझ्याकडे आला.

अडचण अशी होती. नोंदी करायला बसणारे चाचा निवृत्त कारकून. त्यांनी पहिल्या प्रश्नाला सवयीप्रमाणे रजिस्टरमध्ये लिहितात तसं पूर्ण नाव टाकलं. समजा, ‘शेख सना अब्दुल रहीम’. एंटर दाबताच पुढचे तीन प्रश्न पडद्यावर धडाधड येऊन गेले, उत्तराची वाट न बघता, आणि प्रोग्राम थेट इयत्ता विचारायला लागला. चाचांना वाटलं संगणक बिघडला. विद्यार्थ्याने पाहिलं आणि उपाय सांगितला, “चाचा, नावात स्पेस देऊ नका.”

चाचांनी ते ऐकलं. दोन आठवड्यांनी छापलेल्या यादीत अकरा वडिलांचं नाव नुसतं ‘अब्दुल’ होतं. धनादेशही त्याच यादीवरून लिहिले गेले. एका मुलीच्या वडिलांना बँकेतून हात हलवत परत यावं लागलं. खात्यावर नाव पूर्ण, धनादेशावर अर्धं, आणि फी भरायची मुदत दोन दिवसांवर. यादी भिंतीवर लावली होती. तिच्यावर बोट ठेवून एका खालाने विचारलं, “ये अब्दुल कौन? किसका अब्दुल?”

खालांचा प्रश्न त्यांना वाटला त्याहून खोल होता. अरबीत ‘अब्द’ म्हणजे दास, सेवक. ‘अब्दुल’मधला ‘उल’ हा पुढच्या शब्दाला जोडणारा भाग. अब्दुल रहीम म्हणजे रहीमचा, त्या परम दयाळूचा दास. अब्दुल करीम, अब्दुल कादिर, अब्दुल रहमान ही सगळी नावं अशीच बनली आहेत. पुढचा शब्द अल्लाहचं एक नाव असतो. म्हणजे ‘अब्दुल रहीम’ हे दिसायला दोन शब्द असले तरी नाव एकच आहे. त्यातलं ‘अब्दुल’ वेगळं काढलं तर उरतं ‘...चा दास’. कोणाचा, ते गायब. आणि मागचा भाग टाकून माणसाला नुसतं ‘रहमान’ म्हणणंही जुन्या वळणाच्या घरांत खटकतं, कारण ते नाव माणसाचं नाही. माझे अब्बा तर शेजाऱ्याला हाक मारतानाही पूर्ण ‘अब्दुल रहमान’ म्हणायचे. त्या दोन शब्दांमधली मोकळी जागा नावाच्या आतली आहे, नाव संपल्याची खूण नाही.

प्रोग्रामला हे कसं कळणार? प्रोग्रामला फक्त कळा कळतात. मग आत नेमकं काय घडतं, ते जरा सावकाश पाहू.

आपण कळ दाबली की अक्षर थेट प्रोग्रामकडे जातं, असा आपला समज असतो. लिनक्ससारख्या प्रणालीत तसं होत नाही. मध्ये प्रणालीचा एक भाग बसलेला असतो. तो आपण टाइप केलेलं पडद्यावर दाखवतो, बॅकस्पेस दाबलं तर शेवटचं अक्षर काढून टाकतो, आणि हे सगळं स्वतःजवळ धरून ठेवतो. एंटर दाबेपर्यंत प्रोग्रामला एक अक्षरही मिळत नाही. इंग्रजीत या पद्धतीला ‘कुक्ड मोड’ म्हणतात, म्हणजे शिजवून वाढलेलं. उलट पद्धत ‘रॉ मोड’, म्हणजे कच्चं. त्यात दाबलेली प्रत्येक कळ तत्क्षणी प्रोग्रामच्या हातात पडते आणि खोडण्यापासून दाखवण्यापर्यंत सगळी जबाबदारी प्रोग्रामची होते.

ही व्यवस्था आली टेलिप्रिंटरच्या काळातून. १९६३ साली आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध यंत्र. सेकंदाला दहा अक्षरं, तीही फक्त इंग्रजी मोठ्या लिपीत, आणि पडदा नाहीच. कागदाचा गुंडाळा. लिनक्समध्ये आजही टर्मिनलला ‘टीटीवाय’ म्हणतात ते टेलिटाइपवरूनच. कागदावर उमटलेलं अक्षर पुसता येत नाही. म्हणून सुरुवातीच्या युनिक्सने ठरवलं की # टाइप केलं तर आधीचं अक्षर रद्द समजायचं, आणि @ टाइप केलं तर अख्खी ओळ रद्द समजायची. छिद्रांच्या कागदी पट्टीवर तर चुकलेल्या अक्षराच्या जागी सातही छिद्रं पाडून टाकत. सगळी छिद्रं म्हणजे ‘हे अक्षर वाचू नका’. म्हणूनच डिलीटच्या खुणेचा क्रमांक १२७ आहे. सात बिट, सगळे भरलेले.

मला या जुन्या व्यवस्थेत एक सभ्यता दिसते. माणूस बोलताना अडखळतो, शब्द मागे घेतो, पुन्हा सांगतो. त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत ऐकणाऱ्याने थांबावं. एंटर म्हणजे ‘माझं सांगून झालं’. आणि ते कधी झालं, हे ठरवण्याचा अधिकार सांगणाऱ्याचा.

मग सनाचं नाव कुठे तुटलं? प्रणालीने तिची पूर्ण ओळ प्रोग्रामच्या दाराशी नीट पोहोचवली होती. पण प्रोग्रामने ती घेताना सी भाषेतलं ‘स्कॅनएफ’ वापरलं होतं, ‘टक्के एस’ या खुणेसह. या खुणेचा अर्थ पुस्तकात ‘शब्दमाला वाचा’ असा दिलेला असतो. प्रत्यक्षात तिचा अर्थ आहे, मोकळी जागा लागेपर्यंत वाचा. प्रोग्रामने ‘शेख’ उचललं आणि नावाच्या खणात ठेवलं. उरलेले तीन शब्द फेकले गेले नाहीत. ते दाराशीच थांबले. दुसरा प्रश्न आला, वडिलांचं नाव? दाराशी ‘सना’ उभी होतीच. तिसरा, गाव? ‘अब्दुल’. चौथा, शाळा? ‘रहीम’. प्रोग्रामच्या दृष्टीने चारही उत्तरं वेळेवर मिळाली होती. त्याने कुठे तक्रारही केली नाही. न ऐकलेलं बोलणं असं नाहीसं होत नाही. ते पुढच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलं जातं.

इयत्तेच्या प्रश्नात वेगळा घोटाळा होता. तिथे प्रोग्राम आकडा मागत होता. कुणी ‘७’च्या ऐवजी ‘सातवी’ लिहिलं की स्कॅनएफला आकडा सापडत नसे. ते अक्षरं तशीच दाराशी सोडून परत यायचं. चुकीचं उत्तर आलं म्हणून प्रोग्राम पुन्हा विचारायचा, दाराशी तीच अक्षरं, पुन्हा तेच. पडद्यावर एकच प्रश्न न थांबता वर सरकत राहायचा. चाचा वायर काढायचे.

यावर महाविद्यालयांत एक घरगुती औषध फार चालतं. वाचण्याआधी ‘एफफ्लश’ लावून दाराशी उरलेलं झटकून टाकायचं. सीच्या प्रमाणात एफफ्लश हे बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी आहे. आत येणाऱ्यावर ते काय करेल, याची हमी नाही. काही विंडोज कंपायलरांवर ते चालून जायचं, म्हणून नोट्समधून नोट्समध्ये उतरत राहिलं. त्या लिनक्सच्या संगणकावर ते असून नसल्यासारखं होतं. आणि ते चाललं असतं तरी काय झालं असतं? ‘सना अब्दुल रहीम’ पुढच्या खणात जायचं टळलं असतं, पण केराच्या टोपलीत गेलं असतं.

खरा उपाय सोपा आहे. पूर्ण ओळ घ्यायची. त्यासाठी सीमध्ये एकेकाळी ‘गेटएस’ होतं. पण ते खणाची लांबी विचारत नसे, येईल तेवढं भरत जाई. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिसने सोडलेला इंटरनेटवरचा प्रसिद्ध ‘वर्म’ ज्या वाटांनी शिरला, त्यातली एक हीच होती. एका सेवेत ५१२ बाइटांचा खण होता, वाचणारं गेटएस होतं, आणि त्याला मुद्दाम लांब ओळ पाठवली गेली. पुढे २०११च्या प्रमाणातून गेटएस काढूनच टाकलं. त्याच्या जागी ‘एफगेटएस’ वापरायचं, ज्याला खणाची लांबी सांगावी लागते.

वाचनालयाच्या प्रोग्राममध्ये कोणी हल्ला करणार नव्हतं. पण खण वीस बाइटांचा होता, आणि आमची नावं त्यात मावत नव्हती. ‘स्पेस देऊ नका’ हा सल्ला पाळून चाचांनी काही नावं एकत्र जोडून लिहिली होती, ‘शेखसनाअब्दुलरहीम’ अशी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, मात्रा आणि हलन्त धरून. म्हणजे ही सोळा चिन्हं ४८ बाइट होतात. वीसच्या खणात पहिली सहा चिन्हं बसली, सातव्याचे दोन बाइट बसले आणि बाकीचं शेजारच्या खणात सांडलं. मग त्याच खणात वडिलांचं नाव लिहिलं गेलं. छापताना काय आलं? ‘शेखसना’, मग तुटलेल्या ‘अ’च्या जागी काळा प्रश्नचिन्हाचा चौकोन, आणि लगेच त्याला चिकटून वडिलांचं नाव. ‘शेख अब्दुल रहीम अब्दुल करीम’ हे मराठवाड्यात शेकड्यांनी सापडेल असं साधं नाव. देवनागरीत मोकळ्या जागांसह त्याचे ७३ बाइट होतात. वीसचा आकडा कोणी कुणाच्या द्वेषाने निवडला नव्हता. पाठ्यपुस्तकात वीस होता, म्हणून इथेही वीस.

एफगेटएस आणल्यावर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, ते एंटरची खूणही ओळीबरोबर आणतं, ती काढायला हवी. नाहीतर नावाच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह राहतं आणि नंतर शोधताना तेच नाव ‘सापडत नाही’. दोन, ओळ खणापेक्षा लांब असेल तर उरलेला भाग पुन्हा दाराशीच थांबतो. म्हणून ओळीच्या शेवटी एंटरची खूण आली का ते पाहायचं. आली नसेल तर नाव पुरं ऐकलेलं नाही, हे चाचांना सांगायचं. गुपचूप कापून पुढे जायचं नाही. आकड्यासाठीही आधी ओळ घ्यायची, मग तिच्यात आकडा आहे का ते तपासायचं. ‘सातवी’ आलं तर एकदाच, नीट शब्दांत पुन्हा विचारायचं.

यानंतर बाण-कळांचा प्रश्न निघाला. नाव टाइप करताना मधलं अक्षर चुकलं तर चाचा डावा बाण दाबत, मोबाइल-संगणकाच्या सवयीने. शिजवून वाढणाऱ्या त्या जुन्या व्यवस्थेला बॅकस्पेस कळतो, बाण कळत नाहीत. डावा बाण म्हणजे तिच्या लेखी तीन चिन्हांची रांग, एस्केप, चौकोनी कंस आणि इंग्रजी डी. ती रांग नावाच्या मध्ये जाऊन बसते. टर्बो सीमध्ये शिकलेल्याला हे आणखी गोंधळात टाकतं, कारण तिथे ‘गेटच’ बाणासाठी आधी शून्य देतं आणि मग एक क्रमांक, वरच्या बाणाला ७२, खालच्याला ८०, डाव्याला ७५, उजव्याला ७७. ज्या ‘कॉनआयओ’ संचातून गेटच येतं तो सीच्या प्रमाणाचा भागच नाही. मुलं मात्र ते सीचाच भाग समजून परीक्षा देतात आणि लिनक्सवर येऊन अडतात.

इथे मी चाक नव्याने घडवत बसलो नाही. लिनक्समध्ये रीडलाइन नावाचा संच आहे, बॅश शेल स्वतः तोच वापरतं. तो कच्च्या कळा घेतो, बाण ओळखतो, मध्ये जाऊन दुरुस्ती करू देतो आणि एंटरनंतरच पुरी ओळ प्रोग्रामला देतो. देवनागरीसाठी तर त्याची गरज जास्तच होती. कुक्ड मोडमधल्या बॅकस्पेसला पूर्वी बाइट आणि अक्षर यांतला फरकच कळत नसे. लिनक्समध्ये पुढे त्यासाठी ‘आययूटीएफ-८’ हा पर्याय आला, तेव्हापासून एका दाबात एक चिन्ह जातं. तरी ‘शे’वर बॅकस्पेस दाबलं तर आतून फक्त मात्रा जाते आणि पडद्यावर मात्र पूर्ण घर पुसलं जातं. चाचांना वाटतं ‘शे’ गेला, ते पुन्हा ‘शे’ लिहितात, आणि रजिस्टरमध्ये ‘शशेख’ नोंदलं जातं. पडदा एक सांगतो, वही दुसरंच लिहिते.

कच्च्या कळांचा वापर विद्यार्थ्याने एका ठिकाणी आवर्जून केला होता, तो म्हणजे नोंद काढून टाकण्यासाठी. ‘काढू का? हो असेल तर वाय’ असं विचारून एकच कळ दाबताच नोंद नाहीशी. एंटरची वाट नाही. त्याला ते झटपट आणि आधुनिक वाटत होतं. खेळात साप वळवायला हीच पद्धत हवी, तिथे एंटरची वाट बघत बसलो तर साप भिंतीवर आपटेल. पण एका मुलीची नोंद काढणं म्हणजे साप वळवणं नाही. मी विद्यार्थ्याला एवढंच म्हणालो, “बेटा, जिथे परत फिरता येत नाही तिथे एंटर ठेव.” आता तिथे नोंदीचा क्रमांक पुन्हा टाइप करावा लागतो आणि मग एंटर. चाचा कुरकुरले, पण बोट घसरून कुणाची मदत पुसली जायची भीती गेली.

सगळ्यात अवघड निघालं ते अक्षरांचं. चाचा इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप करतात. त्यात ‘ख’साठी शिफ्टसह के, ‘ज’साठी पी, ‘झ’साठी शिफ्टसह पी. पण ‘अजीज’ लिहायचं कसं? मराठीत नुक्ता नाही. ‘जग’ आणि ‘जहाज’ यांतल्या ‘ज’चे उच्चार वेगळे असूनही आपण एकच अक्षर लिहितो आणि वाचणाऱ्यावर विश्वास टाकतो. उर्दूतल्या ‘झे’साठी कोणी ‘ज’ लिहितं, कोणी ‘झ’. त्यामुळे एकाच माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर अजीज, रेशनकार्डावर अझीझ आणि लग्नपत्रिकेवर अज़ीज़ असतं. त्यात नुक्त्याच्या ‘ज़’ची आणखी एक गंमत. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो, एकच तयार चिन्ह म्हणून किंवा ‘ज’ आणि नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. प्रोग्राम बाइट मोजतो आणि सांगतो, ही दोन वेगळी नावं आहेत.

इथे काय करायचं, यावर आमची चर्चा झाली. विद्यार्थ्याचं म्हणणं, एकच प्रमाण ठरवू, सगळीकडे ‘झ’. मला ते पटलं नाही. नाव कसं लिहायचं हे त्या घरानं ठरवायचं, प्रोग्रामनं नाही. शेवटी असं ठरलं की दाखल्यावर आहे तसंच नाव साठवायचं, त्याला हात लावायचा नाही. शोधण्यासाठी मात्र प्रोग्राम स्वतःपुरती एक सावली-प्रत ठेवेल. तिच्यात नुक्ते काढलेले, ‘झ’चा ‘ज’ केलेला, दोन मोकळ्या जागांची एक केलेली. शोध सावलीत घ्यायचा, छापायचं मूळ नाव. यंत्राची सोय यंत्राच्या घरात राहिली आणि माणसाचं नाव माणसाकडे.

‘स्पेस देऊ नका’ हा सल्ला देणाऱ्या विद्यार्थ्याचा मला राग नाही. त्याला जसं शिकवलं गेलं तसं त्याने केलं. पण हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन चौकोन असलेला फॉर्म समोर येतो, तेव्हा मराठवाड्यातला शेख किंवा सय्यद विचारात पडतो, कारण त्याच्याकडे शेख आधी येतं. कोकणातल्या मुसलमान देशमुखाला खिडकीपलीकडून दोनदा विचारलं जातं, हे आडनाव तुमचंच ना? ‘बी’ किंवा ‘बेगम’ हे नाव की आडनाव, यावर कारकून आणि आजी यांच्यात वाद होतो. मग खिडकीवरचा माणूस म्हणतो, एवढं कशाला, एकच लिहा. आणि आपण लिहितो. एका कागदावर अर्धं नाव गेलं की दुसऱ्या कागदावरचं पूर्ण नाव संशयास्पद ठरतं. मग प्रतिज्ञापत्र, नोटरी, राजपत्र, बुडालेली मजुरी. हे फक्त मुसलमानांचंच दुखणं नाही. आदिवासी मुलांची, लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची, आईचं नाव लावणाऱ्यांची हीच कहाणी आहे. पण आपल्या नावात मोकळ्या जागा जास्त, म्हणून आपल्याला ठेचा जास्त.

प्रत्येक वेळी दुष्टावा असतो असं नाही. बऱ्याचदा तिथे फक्त एक ‘टक्के एस’ असतो, जो कोणीतरी शिकवला, कोणीतरी उतरवून घेतला, आणि ज्याच्यावर आपल्या नानीचं नाव कोणी टाकून पाहिलं नाही. यात मला आशाही वाटते. द्वेष दुरुस्त करायला पिढ्या लागतात. ही दुरुस्ती आम्ही दोन रविवारांत केली. विद्यार्थी शेजारी बसला होता, आणि बहुतेक ओळी शेवटी त्यानेच लिहिल्या. नवी यादी छापली तेव्हा त्या अकरा अब्दुलांपैकी कोणी रहीमचा होता, कोणी करीमचा, कोणी कादिरचा. त्या मुलीचा धनादेशही नव्याने, पूर्ण नावाने लिहिला गेला आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी फी भरली गेली.

आपल्या घरांतली पुष्कळ मुलं आज संगणक शिकताहेत. पॉलिटेक्निकमध्ये, बीसीएला, रात्री मोबाइलवर धडे बघून. त्यांच्यापैकी कोणी ‘तुमचं नाव टाका’ असं विचारणारा पहिला प्रोग्राम कौतुकाने दाखवायला आणला, तर शाबासकी द्या. आणि मग त्याला घरातल्या सर्वांत वृद्ध बाईचं नाव विचारा. पूर्ण, बापाच्या नावासकट, बी-बेगमसकट, निकाहनाम्यावर लिहिलं होतं तसं. ते नाव त्याला त्या काळ्या पडद्यावर टाकायला सांगा, आणि एंटर दाबल्यावर काय परत येतं ते दोघांनी मिळून वाचा.